पाचांपैकी तीन : डॉ. निर्मला बोरकुटे यांच्याविषयी, उशिराच

डॉ. निर्मला बोरकुटे यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त गौरवग्रंथ निघणार आहे आणि त्यात मी लिहावं, असं गौरव समितीचं पत्र मला आलं. पत्राखाली सात नावं होती. त्यांतली चार नावं मी पूर्वी आणखी एका कागदावर एकत्र पाहिली आहेत. बोरकुटे बाईंना आमच्या वसाहतीच्या दवाखान्यातून काढून टाकावं, अशी मागणी करणारा तो अर्ज होता. त्या चार नावांखाली पाचवी सही माझी होती. समितीतल्या मंडळींना हे आठवत नसेल, असं मला वाटत नाही. त्यांना ते लिहिलं जाऊ नये असं वाटत असेल, तर तेही समजू शकतो. पण बाईंविषयी लिहायचं आणि तो अर्ज गाळायचा, हे मला जमणार नाही.

माझं नाव वामन मेश्रे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यातल्या एका प्रकल्पाच्या वसाहतीत मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही. तिथे राहिलेल्यांना ते सांगावं लागणार नाही आणि इतरांना त्याचा उपयोग नाही.

बाईंची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या मध्याला झाली. त्या एटापल्लीकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढून आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्या दिवशी सकाळी त्या प्रयोगशाळेत शिरल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि हातात शिंप्याचा टेप. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "वामन, सरळ उभा राहा. पोट आत ओढू नको." मला वाटलं, नवीन गणवेश शिवायचे आहेत. मी हात वर केले. त्यांनी बेंबीच्या पातळीवर टेप लावला, आकडा वहीत लिहिला आणि निघून गेल्या. महिन्याभरात त्यांनी दवाखान्यातल्या प्रत्येकाचं, अगदी वैद्यकीय अधीक्षकांचंही, पोट मोजलं. अधीक्षकांना ते आवडलं नाही. वसाहतीत बाईंचं नाव 'टेलर मॅडम' पडलं. ते नाव मीही पुष्कळदा हसत हसत घेतलं आहे.

त्या काय शोधत होत्या, ते त्यांनी मला एका दुपारी रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रीफ्यूज यंत्र चालू असताना समजावून सांगितलं. पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग रक्तातली साखर हळूहळू चढते, रक्तदाब चढतो, ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. एकेक आकडा वेगळा पाहिला तर थोडाच पुढे गेलेला दिसतो. "म्हणून डॉक्टर म्हणतात, थोडं आहे, पाहू पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या. "पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्टेरॉल, ही पाच. यांतली तीन एका माणसात भेटली की ते थोडं राहत नाही. त्याचं हृदय आणि मेंदू दोन्ही धोक्यात असतात, आणि त्याला काहीच दुखत नसतं."

त्या काळी पुस्तकांत याला सिंड्रोम एक्स म्हणत. पुढे मेटाबोलिक सिंड्रोम हे नाव रुळलं. बाई रुग्णांपुढे यातलं कुठलंच नाव घेत नसत. त्या ब्रह्मपुरीकडच्या, त्यामुळे रुग्णांशी तिकडच्या झाडीबोलीतच बोलत. "भाऊ, तुमाले दुखून नाई राह्यलं, म्हणूनच मी सांगून राह्यली. दुखाले लागल्यावर तुमी स्वतःच याल." असं म्हणून त्या समोरच्याला त्याचे पाच आकडे एका चिठ्ठीवर लिहून देत.

हे त्यांना सुचलं एटापल्लीत. जंगलातल्या गावात जन्मलेला, लहानपणी पोटभर न मिळालेला एक माणूस आश्रमशाळेत शिपाई लागला. रोजची मैलोगणती चाल सुटली, दोन वेळचा भात आणि गोड चहा सुरू झाला. हातपाय काड्यांसारखेच राहिले, फक्त पोट आलं. पस्तिशीत त्याची साखर वाढलेली सापडली. बाईंच्या आधीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलंच नव्हतं, कारण तो बारीक होता. बारीक माणसाला कसली साखर! जे शरीर उपासमारीत वाढलं त्याला एकाएकी आलेलं सुख जास्त नडतं, हे बाईंनी तिथे पाहिलं. सुटी मिळाली की त्या एसटीने तिकडे जात आणि त्या माणसाला तपासून येत. तो आजही चालता-फिरता आहे. त्याने बाईंचं ऐकलं होतं.

आमच्या वसाहतीत ऐकणारे कमी होते. आमच्यातले बहुतेक तळ्याकाठच्या, नदीकाठच्या गावांतून आलेले. आमचंच घर घ्या. वडील आणि मोठे भाऊ देवराव गावच्या तलावात जाळं टाकत. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी मासळी घेऊन बाजारापर्यंत पायी जायचं. देवरावभाऊंना प्रकल्पात नोकरी लागली आणि पुढे ते डंपर चालवू लागले. दोन मजली घराएवढ्या त्या गाडीत आठ तास बसायचं, कॅन्टीनमध्ये डालड्यात तळलेले समोसे खायचे, क्वार्टरपासून गेटपर्यंतसुद्धा मोटारसायकलने जायचं. वडील वारल्यावर माझं शिक्षण त्यांनीच केलं. मला प्रयोगशाळेत चिकटवण्यासाठी साहेबांच्या दारात उभे राहिले तेही तेच. गावात गेलो की लोक त्यांच्या पोटाकडे पाहून कौतुकाने म्हणत, "देवरावचं बरं चाललं आहे."

बाईंनी कॅन्टीनचं तेल बदलावं म्हणून तीन वेळा लिहून दिलं. उत्तर आलं नाही. त्यांनी कामाची पाळी संपवून येणाऱ्यांसाठी मैदानावर चालण्याचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात अकरा जण आले, तिसऱ्या आठवड्यात बाई एकट्याच चालत होत्या. क्वार्टरच्या खिडक्यांतून पोरंबाळं त्यांना बघत होती. त्या महिनाभर तशाच चालल्या. एक दिवस कॅन्टीनचे स्वयंपाकी रामाजी त्यांच्या मागोमाग चालू लागले. वर्षभरात रामाजींची पँट दोन वेळा कमरेत आत घ्यावी लागली आणि पाचांपैकी त्यांचे तीन आकडे हद्दीबाहेर होते, तिथे एकच उरला. औषधाची अर्धी गोळी उरली. त्या वसाहतीतून बाईंना मिळालेलं यश म्हणून मला हे एवढंच सांगता येतं.

आता देवरावभाऊंचं सांगतो.

बाईंनी एकदा रविवारी तपासणी शिबिर घेतलं. वहिनींनी, म्हणजे सुमनवहिनींनी, भाऊंना बळेच आणलं. रक्त मीच काढलं. सेंट्रीफ्यूजमधून नळी बाहेर काढली तर वर सुटलेलं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, चरबीने दुधासारखं पांढरं झालं होतं. एरवी ते पिवळसर आणि नितळ असतं. मी नळी बाईंना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. "हे उपाशीपोटी घेतलेलं आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. भाऊंचे पाचही आकडे हद्दीबाहेर होते. बाईंनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या, खाण्याचं समजावलं आणि दोन महिन्यांनी वार्षिक तपासणीत परत बघू म्हणाल्या.

भाऊंनी गोळ्या घेतल्या नाहीत. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी ते प्रयोगशाळेत आले आणि दार लोटून घेतलं.

"वामन्या, ते बाई मले डंपरवरून उतरवते म्हणते."

"थोड्या दिवसांसाठीच भाऊ. साखर आणि बीपी खाली येईपर्यंत हलकं काम."

"हलकं काम म्हंजे टाइम ऑफिसात रजिस्टर घेऊन बसाचं. पोट्टे हासतीन मले. वीस वर्सं गाडी चालवून राह्यलो, एक खरोच नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले काई होत नाई बे. पोट तं साऱ्यायलेच आहे. तू इथी कशाले आहेस मंग?"

 ते गेले तेव्हा मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं, एवढं त्यांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या दंडाला पट्टी बांधली, रक्त काढलं आणि ते मोरीत ओतलं. मग दार बंद करून स्वतःच्या दंडातून रक्त काढलं आणि त्यांच्या नावाची चिठ्ठी त्या नळीवर लावली. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, रोज सायकलवर फिरत होतो. रिपोर्ट स्वच्छ आला. भाऊंचा रक्तदाब वाढलेला होता, पण नुसत्या रक्तदाबावर त्यांना गाडीवरून उतरवता येत नव्हतं. त्याला गोळी लिहून कामावर पाठवायची पद्धत होती.

अकरा वाजता बाई रिपोर्ट घेऊन आत आल्या. त्यांनी स्टँडमधून भाऊंच्या नावाची नळी उचलली आणि खिडकीपाशी धरली. सीरम नितळ होतं.

"वामन, हे रक्त देवरावभाऊंचं नाही."

"त्यांचंच आहे मॅडम. मीच काढलं."

"दोन महिन्यांत, गोळ्या न घेता?"

"घेतल्या असतील मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डाव्या कोपराच्या घडीत चिकटवलेला कापसाचा बोळा मी काढायचा विसरलो होतो. त्यांना तो दिसला की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. "ही नळी ठेवून दे," त्या म्हणाल्या, "उद्या रक्तगट करू." भाऊंचा रक्तगट त्यांच्या सेवापुस्तकात होता आणि माझा वेगळा होता. दुपारी मी ती नळी रिकामी करून धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, चुकून फेकली गेली. त्या "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

पण त्या थांबल्या नाहीत. देवरावभाऊंचं रक्त पुन्हा, दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासावं आणि तोवर त्यांना डंपर देऊ नये, असं त्यांनी अधीक्षकांना लिहून कळवलं. अशाच आणखी काही जणांचीही नावं दिली. ते कागद बाहेर आले आणि वसाहत पेटली. पोट मोजून माणसाला नालायक ठरवतात, असं भाऊ गेटवर उभे राहून सांगू लागले. कामगार पुढाऱ्यांनी अर्ज तयार केला. भाऊंनी तो माझ्यापुढे धरला. "दवाखान्यातल्या माणसाची सही पायजे," ते म्हणाले. मला त्यांची भीड होती हे खरं. पण त्याहून खरं हे, की बाई राहिल्या तर एक ना एक दिवस मी पकडला जाईन, ही भीती होती. मी सही केली.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत झाली. आम्ही चार-पाच जण भिंतीला टेकून उभे होतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट स्वच्छ असताना संशय कशावरून घेतला, असं बाईंना विचारलं गेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ पाहिलं की मला बोलता आलं असतं. मी पायाखालच्या फरशीकडे बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "संशय आहे. पुरावा नाही." त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. वसाहतीतून त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्या पेट्या उचलायला फक्त रामाजी होते.

त्यानंतर आठ महिन्यांनी, सकाळी न्याहारी करताना, देवरावभाऊंच्या हातातून पोह्यांची बशी सुटली. वहिनींनी विचारलं तर त्यांच्या तोंडून शब्द निघेना. चंद्रपूरला नेलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला; उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. वय एकोणपन्नास. आमच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी माझी समजूत घातली, "वयाप्रमाणे होतंच असं." त्यांनीच कधी बाईंच्या टेपवर सर्वांत मोठ्याने विनोद केले होते.

मी मग प्रशासनाला सगळं लेखी कळवलं. नळीचंसुद्धा. मला बोलावून घेतलं आणि माझा कागद मला परत दिला. साहेब म्हणाले, "मेश्रे, बाई गेल्या, तुमचा भाऊ पडला. आता कोणाचं भलं करायचं आहे? फाइल बंद झाली आहे." तो कागद मी घरी आणला. खरं बोलायला मी इतका उशीर केला होता की ते कोणालाच नको होतं.

बाईंनी तोवर राजुऱ्यात दोन खोल्यांचा दवाखाना काढला होता. बातमी त्यांना रामाजींनी दिली असावी. एका मंगळवारी त्या एसटीने आमच्या क्वार्टरवर आल्या. भाऊ खाटेवर होते. बाईंना पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बाई खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "देवरावभाऊ, मी भांडाले नाई आली. हात द्या." त्यांनी तो लुळा हात उचलून बोटं एकेक करून उघडली, मिटली आणि वहिनींना तसं करायला शिकवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघितले. मीठ किती, तेल किती, भात किती, हे वहिनींना हाताच्या मापाने दाखवलं. जाताना त्यांनी वहिनींचीही कंबर मोजली, रक्त तपासायला सांगितलं. दोन वर्षं त्या दर मंगळवारी येत राहिल्या. भाऊ काठीवर उभे राहिले ते त्यामुळे. बोलणं मात्र परत आलं नाही.

पहिल्याच भेटीत, त्यांना बसथांब्यावर पोचवताना, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"मग चौकशीत माझं नाव का नाही घेतलं मॅडम? मला वाचवलंत."

"तुला वाचवलं नाही. पुरावा तू धुऊन टाकला होता. तू बोलशील म्हणून मी थांबली होती." बस आली. पायरीवर पाय ठेवताना एवढंच म्हणाल्या, "थोडे महिने मिळाले असते मला वामन. एवढ्याने पुष्कळ झालं असतं."

मला त्यांनी माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. त्यानंतर मी नोकरी सोडली आणि काही दिवसांनी त्यांच्या राजुऱ्याच्या दवाखान्यात रक्त तपासायला येऊ का, असं विचारलं. त्यांनी ठेवून घेतलं. पण आजही माझ्या हातच्या कुठल्याही रिपोर्टवर त्या नळी उजेडात धरून पाहिल्याशिवाय सही करत नाहीत. इतरांचे तपासत नाहीत, माझेच तपासतात. मला त्याचा राग येत नाही. काही सकाळी येतो, तो गिळतो.

भाऊ गेल्या वर्षी वारले. दुसरा झटका आला. बाई मौतीला आल्या, वहिनींजवळ बसल्या. समितीतलं कोणी आलं नाही.

समितीच्या परवाच्या बैठकीला मी गेलो होतो. सत्कारानंतरच्या जेवणाचं ठरत होतं: श्रीखंड, पुरी, बटाटेवडा. मी म्हणालो, बाईंच्या सत्काराला हे जेवण शोभत नाही. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "एक दिवसानं काय होते मेश्रेभाऊ?" बोलणारे गृहस्थ स्वतः दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठले आहेत. त्यांचेही आकडे एके काळी बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिले होते.

तेव्हा या ग्रंथात बाईंचं कार्य थोर आहे, असं जिथे जिथे छापलं जाईल, तिथे वाचकांनी हे लक्षात ठेवावं, की ते कार्य आम्ही होऊ दिलं नाही. त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, आमच्याच भाषेत सांगितलं होतं, आणि आम्ही सह्या गोळा केल्या. या गौरवाने ती वर्षं परत येणार नाहीत. बाईंनाही ते कळतं. सत्काराला होकार देताना त्यांनी समितीला एकच विचारलं म्हणे: "येणाऱ्या लोकांचा रक्तदाब तपासायला टेबल मांडता येईल का?" त्यावर अजून निर्णय झालेला नाही.

बाई, तुम्ही पुष्कळ जगा. तुमची तब्येत चांगली राहो, पाय चालते राहोत, नजर स्वच्छ राहो. आमच्याकडून तुम्हाला जे मिळालं ते तुमच्या मनातून जावं, असं मी मागत नाही; ते मागण्याचा हक्क मला नाही. एवढंच मागतो, की पुढच्या वर्षांत तुमच्या दारी अशी माणसं यावीत, ज्यांना काही दुखत नसेल, आणि जी तरीही तुमचं ऐकतील. माझ्या भावासारखी तगडी, हट्टी, स्वतःवर खूश असलेली माणसं. ती म्हातारी होताना तुम्हाला पाहायला मिळोत.